पांढरीची वही

पहाटे ५

उमरग्याच्या बसस्थानकासमोर चहाचं पहिलं आधण उकळायच्या आत जीप भरून झाली. सामान थोडंच. जाड पुठ्ठ्याच्या दोन वह्या, तीस मीटरची टेप, फोटोत वस्तूशेजारी ठेवायची काळी-पांढरी मोजपट्टी, गटनकाशाच्या झेरॉक्स, पाण्याचा जार, भाकरीचे डबे. खुरपं, टिकाव, फावडं यातलं काही नाही. यंदा नव्याने आलेल्या मुलाने विचारलंच, "सर, पुरातत्त्वाच्या कामाला चाललोय अन् उकरायला काहीच घेतलं न्हाई?" नाही. उत्खननाला केंद्रीय पुरातत्त्व विभागाचा परवाना लागतो आणि तो लागायलाच हवा. एकदा उकरलेला थर पुन्हा रचता येत नाही.

मी इथे इतिहास शिकवतो. वर्गाबाहेरचं आमचं काम एवढंच: ज्याचं रान त्याच्यासोबत फिरायचं, जमिनीवर उघडं पडलेलं काय दिसतं ते पाहायचं, जागच्या जागी त्याची नोंद करायची आणि वस्तू तिथेच ठेवायची. दिवाळी झाली, सोयाबीन घरात आलं, ज्वारी वीतभर झाली की आमचे दिवस सुरू होतात. पावसाने रान धुऊन ठेवलेलं असतं, पीक उंच झालेलं नसतं आणि शेतकऱ्याला आमच्याशी दोन शब्द बोलायची उसंत असते. आज तेरला जायचं आहे. जिल्हा एकच, धाराशिवचा. पण आम्ही त्याच्या एका कोपऱ्यात, आणि लातूरवरून गेलं तर वाट शंभर किलोमीटरच्या पुढे.

सकाळी ६

किल्लारीच्या पाटीजवळ जीप मुद्दाम थांबवतो. तेरहून येणारी तेरणा याच पट्ट्यातून खाली मांजरेकडे जाते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी इथे भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. जाडजूड, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर धाब्याचं माळवद. गळतं म्हणून दरवर्षी मातीचा नवा थर चढवलेला. तेच ओझं माणसांवर आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली आणि लातूर आणि उस्मानाबाद (आजचं धाराशिव) मिळून बावन्न गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवावी लागली.

माझ्या विद्यार्थ्यांतले कितीतरी जण या नव्या गावांत जन्मले. सरळ रस्ते, ओळीत घरं. वेस कुठे होती, गढीचा बुरूज कुठल्या अंगाला होता, वीरगळ कुणाच्या दारात होती, मारुतीसमोरचा पार केवढा होता, हे त्यांना माहीत नाही. आजी-आजोबांना माहीत आहे, पण ते बोलत नाहीत. जुन्या गावाचं नाव काढलं की आधी माणसं आठवतात. आमच्या वहीची पहिली पानं याच पट्ट्यातली आहेत. जुन्या गावठाणात बाभळी माजल्या, घरांचे दगड उचलले गेले, तरी एखादी म्हातारी तिथे उभी राहून बोट दाखवते आणि गल्ली जागेवर येते. पुरातत्त्व म्हणजे फक्त दोन हजार वर्षांपूर्वीचं नव्हे, हे मुलांना तेरला पोचण्याआधी इथे सांगावं लागतं. ज्या गावाला उठून तीसेक वर्षं झाली, त्याचीही पांढरी होतेच.

औसा, लातूर, मुरूड, ढोकी. ढोकीच्या अलीकडे-पलीकडे उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेले होते.

सकाळी ८.३०

तेरमध्ये शिरताना आधी संत गोरोबाकाकांच्या दर्शनाला जायचं, हा इथला रिवाज, आम्हीही जातो. मग ग्रामपंचायतीसमोर आमची वाट पाहणारी मंडळी: दोन शेतकरी, एक निवृत्त गुरुजी आणि एक मावशी. आजचं रान मावशींचं. चहा झाला. आज कुठे फिरायचं ते त्यांनीच ठरवलं. हा क्रम मी मोडू देत नाही. शहरातून अभ्यासक येतात, रानात फिरतात, पिशवी भरतात आणि जातात. त्या वस्तूंचं पुढे काय झालं ते गावाला कळत नाही. उत्खननातही तेच. मातीचा रंग कुठे बदलला, जमीन कुठे टणक लागली, हे आधी मजुराच्या हाताला कळतं, आणि अहवालात त्याच्या नावाला जागा नसते. आमच्या वहीत पहिला रकाना 'कुणी दाखवलं' हा आहे. मग गट नंबर, मग बांधापासूनचं अंतर, मग वस्तू. वस्तू शेवटी.

सकाळी ९

मावशींचं रान गावालगतच्या टेकाडाच्या उताराला आहे. काळ्या रानातून चालत आलं की पायाखालची माती एकदम भुरकट, मऊ, राखेसारखी होते. ही पांढरी. माणसांच्या वस्तीने शेकडो वर्षांत तयार केलेली माती: चुलीची राख, पडलेल्या भिंती, शेण, हाडं, खापरं. शेताला ती खतासारखी चालते आणि धाब्यावर टाकली की पाणी धरत नाही, म्हणून मराठवाड्यातल्या गावोगावच्या पांढऱ्या लोकांनी गाडीगाडीने नेल्या. याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. ज्याचं घर गळतं तो जवळची माती आणणारच. पण आता जेसीबी आणि हायवा आल्यापासून जे काम दोन पिढ्यांत व्हायचं ते दोन दिवसांत होतं, आणि त्याची मला फार धास्ती वाटते.

ओळीने चाललो. दोन माणसांत दोन मीटरचं अंतर, नजर खाली, ज्वारीच्या रोपावर पाय नाही. पहिल्याच फेरीत एका मुलीने हात वर केला. तळहाताएवढं खापर. बाहेरून तांबडं, आतून काळं कुळकुळीत, काठाजवळ दोन्ही रंग एकमेकांत मिसळलेले. अशी काळी-तांबडी भांडी सातवाहन काळाच्या वस्त्यांवर सर्रास मिळतात. भांडं उपडं घालून भाजायचं: आतल्या बाजूला हवा लागत नाही म्हणून ती काळी राहते, बाहेरची तांबडी होते. मी मुलीला काठ बोटांत धरायला सांगितला. काठाच्या वळणावरून भांड्याच्या तोंडाचा अंदाज येतो. हे वाटीएवढं नव्हतं, चांगली परात होती. आतल्या अंगाला बारीक आडव्या रेघा, म्हणजे चाकावर घडवलेलं. मोजपट्टी ठेवली, फोटो काढला, बांधापासून टेप धरली, खापर होतं तिथेच ठेवलं.

मावशी हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "हे लई पडलंय. मणी बघायचे का? मणी हितं न्हाई, खालच्या अंगाला." आणि तरातरा निघाल्या. लहानपणी पाऊस उघडला की सगळ्या पोरी मणी वेचायला जायच्या. कुठल्या ओघळीत लाल सापडायचे, कुठे हिरव्या काचेचे, कुठे शंखाच्या बांगडीचे तुकडे, त्या एकेक जागा दाखवत गेल्या. त्यांचं बोलणं मी शब्दाशब्दाने उतरवून घेतलं, कारण त्यांच्या सांगण्यात एक नकाशा होता. काचेचे मणी एकाच ओघळीला का यावेत? वर कुठेतरी मणी करणाऱ्याची जागा असेल, किंवा ते विकणाऱ्याची. याचं उत्तर आज मिळणार नाही. पण उद्या परवाना घेऊन कुणी इथे खड्डा आखणार असेल, तर कुठे आखावा हे त्याला मावशींच्या पानावरून कळेल.

सकाळी ११.३०

उन्हाने डोळे दिपायला लागले की रान सोडायचं. मग लामतुरे संग्रहालय.

रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच. गावात, रानात, नदीच्या दरडीत जे निघेल ते त्यांनी आयुष्यभर जमवलं, जपलं. लोक त्यांच्याकडे वस्तू आणून देत. पुढे तो हजारो वस्तूंचा संग्रह राज्य शासनाच्या हाती आला आणि त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय तेरमध्येच उभं राहिलं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० साली 'तेर' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं, तेही याच संग्रहाच्या बळावर. एखाद्या गावाने आपला इतिहास आपल्या हाताने वेचून गावातच ठेवला, याचं याहून मोठं उदाहरण मराठवाड्यात माझ्या माहितीत नाही.

मुलांना मी एक-दोन वस्तूंसमोरच उभं करतो. सगळं दाखवायला गेलं की काहीच दिसत नाही. पांढऱ्या चिनी मातीची एक मूर्ती. कानाच्या मागून खांद्यापर्यंत एक बारीक रेघ उतरते, नीट पाहिल्याशिवाय दिसत नाही. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही जोडून सांधा बोटाने पुसलेला. आतून मूर्ती पोकळ. दोन साच्यांची ही रीत भूमध्य समुद्राच्या बाजूने आली असावी, असं अभ्यासक मानतात. रोमन नाण्यांच्या छापाची मातीची पदकंही तेरला मिळाली आहेत. सोन्याचं नाणं परवडत नसेल, पण सम्राटाच्या मुखड्याचं पदक गळ्यात घालायची हौस इथे होती.

आणि लामतुऱ्यांच्या संग्रहातली ती हस्तिदंती स्त्री. इटलीत ७९ साली ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये जी भारतीय हस्तिदंती मूर्ती निघाली, तिच्याशी हिचं नातं अभ्यासकांनी जोडलं. तशीच आणखी एक आपल्या भोकरदनच्या उत्खननात मिळाली. पॉम्पेईची मूर्ती मराठवाड्यात घडली का, याचा वाद अजून मिटलेला नाही. पण तो वाद तेरचं नाव घेतल्याशिवाय करता येत नाही.

इथे मी मुलांना माझं म्हणणं सांगतो. ही हस्तिदंती मूर्ती तेरच्या नेमक्या कुठल्या कोपऱ्यातून, किती खोलीवरून, कशाच्या शेजारून आली? भोकरदनची मूर्ती उत्खननात मिळाली, म्हणून तिचा थर सांगता येतो. तेरच्या हजारो वस्तूंना गाव आहे, पण गावातली जागा नाही. लामतुऱ्यांनी जमवलं नसतं तर या वस्तू सोनाराच्या मुशीत, पोरांच्या खेळात, दलालाच्या पिशवीत गेल्या असत्या. त्यांचे उपकार फिटणार नाहीत. त्यांच्या काळी वस्तू वाचवणं हेच काम होतं. आपल्या वाट्याला पुढचं काम आलं आहे, वस्तूबरोबर तिची जागा वाचवायचं.

थरांचं काम इथे झालं ते १९५८ च्या उत्खननात. बा. ना. चापेकरांनी ते केलं. अहवाल १९६९ साली पुण्यातून निघाला. त्यानंतरही तेरला कुदळी लागल्या. तरी टेकाडाचा मोठा भाग अजून न उघडलेला आहे आणि त्यावर माणसं राहतात, पिकं घेतात, विहिरी पाडतात.

दुपारी १.३०

गुरुजींच्या ओसरीवर डबे उघडले. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वांगं, आणि घरातून आलेलं ताक. जेवताना खरा प्रश्न निघाला. तो प्रत्येक गावात निघतोच. एक शेतकरी, इतका वेळ गप्प असलेला, म्हणाला, "सर, तुम्ही गट नंबर लिवून घ्यायलाव. उद्या सरकारनं रान घेतलं मंजी?"

या प्रश्नाला हसून उडवायचं नाही. ज्याच्या नावावर दोन एकर आहेत, त्याची झोप त्या दोन एकरांवर असते. मी वही त्याच्याकडे सरकवली आणि त्याचं पान त्यालाच वाचायला लावलं. मग कायदा सांगितला, जेवढा ठाम सांगता येतो तेवढाच. खापर सापडलं म्हणून कुणी सातबाऱ्यावरचं नाव खोडत नाही. गुप्तधन सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो: दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही निघालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि ज्याला सापडलं त्याचा आणि जमीनमालकाचा हक्कही त्याच कायद्यात लिहिलेला आहे. लपवलं तर मात्र शिक्षा. जाहीर झालेल्या संरक्षित स्मारकाच्या भोवती बांधकामाला बंधनं असतात, हेही मी सांगितलं. ते दडवून विश्वास मिळवण्यात अर्थ नाही. शेवटी म्हणालो, "तुमचं पान नको असेल तर मी आत्ता फाडतो." तो म्हणाला, "राहू द्या. पण माझ्या बापाचं नाव नीट लिवा, चुकलंय." गुरुजींनी त्याच्या समोर बसून नाव दुरुस्त केलं.

दुपारी ३

त्रिविक्रमाचं मंदिर. विटांचं, मागची बाजू अर्धगोल, वर हत्तीच्या पाठीसारखं छप्पर. हे मुळात बौद्धांचं चैत्यगृह असावं, असं हेन्री कझन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. विटांत बांधलेलं असं उभं चैत्यगृह भारतात फार थोड्या ठिकाणी उरलं आहे. आंध्रातलं चेजर्ल्याचं कपोतेश्वर हे दुसरं. तेरच्या जुन्या नावाचाही असाच शोध घ्यावा लागला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ग्रीक लेखकांचं 'तगर' कुठलं यावर विद्वानांचं एकमत नव्हतं. कुणी दौलताबाद म्हणे, कुणी जुन्नर, कुणी धारूर. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथून साधं कापड आणि मलमल गाड्यांनी भडोचच्या बंदरात येते, एवढं 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात लिहिलेलं. शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे दाखवून दिलं.

मुलं विटा बघत होती. मावशी आत जाऊन हळद-कुंकू वाहून आल्या. चैत्य असेल, विष्णूचं असेल; हे मंदिर इतकी शतकं टिकलं ते रोज कुणीतरी आत येत राहिलं म्हणून. आतला केर काढणारा हात थांबला असता तर विटा केव्हाच घराघरांत गेल्या असत्या. जतनाच्या आराखड्यात या हातांचा विचार झाला पाहिजे, हे मी जिथे संधी मिळेल तिथे बोलतो. कुंपण घालून माणूस बाहेर काढला तर पहिल्या पावसात गवत माजतं.

दुपारी ४.३०

पुन्हा ग्रामपंचायतीसमोर. दिवसभराची नोंद मोठ्याने वाचून दाखवायची, पंचनामा वाचतात तशी, आणि ज्याने दाखवलं त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. दुसरी वही गावातच राहते. आज मावशींनी सही केली. सावकाश, पण पूर्ण नाव. शाळेतली पोरंही जमली होती. एकाने खिशातून हिरवा मणी काढून दिला. मी घेतला नाही. "कुठं सापडला ते दाखव, मग गुरुजींकडे नोंद करून ठेव," असं सांगितल्यावर तो गुरुजींचा हात धरून ओढतच घेऊन गेला.

तिथे एका तरुण ग्रामपंचायत सदस्याने विचारलं, बाहेरच्या देशात हे कसं करतात? मी फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनचं सांगितलं. स्पॅनिश लोकांनी १५६५ मध्ये वसवलेलं ते गाव आजही नांदतं आहे. तिथे १९८० च्या दशकात नगरपालिकेने नियम केला: जुन्या भागात पाया, गटार, नळ, काहीही खणायचं असेल तर आधी नगराच्या पुरातत्त्वज्ञाला जागा पाहू द्यायची. त्याच्या हाताखाली गावातलेच स्वयंसेवक माती चाळतात, तुकडे धुतात. त्यांची वसाहत साडेचारशे वर्षांची आणि परक्यांनी वसवलेली. आपलं तेर दोन हजार वर्षांचं आणि आपलं. तरुण म्हणाला, घरकुलाचे पाये आणि पाण्याच्या लाइनचे चर याच महिन्यात खणायचे आहेत. मग तिथेच बसून ठरलं: चर खणायच्या आदल्या दिवशी गुरुजींना फोन, संग्रहालयाला कळवणं, आणि खणताना गुरुजींची दोन मुलं काठावर. ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडायचा. तो होईल की नाही ते सदस्यांच्या हातात. मी मसुदा लिहून दिला, साध्या मराठीत, एका पानात.

संध्याकाळी ७

परतताना औशाजवळ चहा. मुलं दिवसभराच्या फोटोंना नावं देत बसली होती: गाव, गट नंबर, तारीख, दाखवणाऱ्याचं नाव. हे काम उद्यावर टाकलं की फोटो निव्वळ खापराचे फोटो राहतात, म्हणून जीपमध्येच करायचं.

रात्री ९.४५

उमरग्यात उतरून घरी पोचतो तोच फोन. तालुक्यातल्याच एका गावचा शेतकरी, मागच्या हिवाळ्यात वहीत नाव असलेला. विहिरीचं काम चालू आहे आणि पाच-सहा फुटांवर मातीचा मोठा रांजण लागला, अर्धा दरडीत आहे. पोकलेनवाला म्हणतो, तासाचं भाडं चालू आहे, काढून टाकू.

मी विचारलं, "आत बघितलं का कुणी?"

"न्हाई सर. तुम्ही सांगितलं व्हतं की आत हात घालायचा न्हाई म्हणून."

त्याला सांगितलं: मशीन विहिरीच्या दुसऱ्या अंगाला लाव, काम बंद ठेवू नको. रांजणावर ओलं पोतं टाक, उन्हाने तडकायला नको. रांजणाशेजारी टिकाव उभा धरून एक फोटो काढ आणि वरच्या काठापासून किती हात खाली आहे ते मोजून पाठव. सकाळी तलाठ्याला आणि पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयाला आपण दोघं मिळून कळवू. पोकलेनचा एक तास वाया गेला तर तो माझ्याकडे लागू.

दहा मिनिटांत फोटो आला. टिकावाच्या दांड्याला त्याने खडूने फुटाच्या खुणा करून घेतल्या होत्या. नव्या मुलाला मेसेज टाकला: सहा वाजता, त्याच टपरीजवळ, वही आणि टेप घेऊन.